पुरस्कारांची यादी ऐकताना



पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आपण नुसते ऐकत नाही. ऐकता ऐकता आपण स्वतःच परीक्षक होतो. एखाद्या नावावर मान डोलावतो, एखाद्या नावावर कपाळाला आठ्या घालतो. एखादं नाव ओळखीचंच नसतं, मग ते तसंच पुढे जाऊ देतो. यादी तर दोन मिनिटांत वाचून होते, पण तिच्यावरची आपली प्रतिक्रिया आपली आवड, आपला आदर, आपल्या मनाचा पैस किती आहे ते सांगून जाते. आज या प्रतिक्रियेविषयीच थोडं बोलावं असं मनात आहे.

निमित्त आहे 71व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं. 2023 सालच्या चित्रपटांसाठीचे हे पुरस्कार 1 ऑगस्ट 2025 रोजी जाहीर झाले आणि 23 सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते प्रदान झाले. विधू विनोद चोप्रा यांचा 'ट्वेल्थ फेल' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. चंबळच्या खोऱ्यातला, बारावीत नापास झालेला एक मुलगा पोलीस अधिकारी होतो, त्याची ही गोष्ट. ज्यांच्या आयुष्यावर ती बेतलेली आहे ते मनोजकुमार शर्मा महाराष्ट्राच्याच पोलीस सेवेत अधिकारी झाले. या भूमिकेसाठी विक्रांत मॅसी आणि 'जवान'साठी शाहरुख खान, अशा दोघांना अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. राणी मुखर्जी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या आणि मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

पण मला विचाराल, तर माझं मन सगळ्यात जास्त हरखलं ते बालकलाकारांची नावं ऐकून. या पुरस्कारांत पाच मुलांना हा सन्मान मिळाला आणि त्यांतली चार मराठी चित्रपटांतली. 'नाळ 2' मधले श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप, आणि 'जिप्सी' मधला कबीर खंदारे. पाचवी सुकृती वेणी, तेलुगू चित्रपटातली. साडी नेसलेली चिमुकली त्रिशा व्यासपीठावर आली तेव्हा सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांमध्ये भाषेचा, प्रांताचा, लहानमोठ्या नावांचा हिशोब नव्हता. हिला का आणि दुसऱ्या कुणाला का नाही, असं त्या घटकेला कुणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. तसा स्वच्छ आनंद मोठ्यांच्या वाट्याला आपण किती वेळा येऊ देतो?

'नाळ 2' ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचाही पुरस्कार मिळाला. त्याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. मूळचे तेलुगू भाषक. 'देऊळ' आणि 'सैराट' यांचं छायालेखन त्यांचंच. मराठी खेड्यातल्या मुलाच्या मनाचा ठाव घेणारा चित्रपट दुसऱ्या मातृभाषेतला माणूस इतक्या मायेने करतो, ही गोष्ट मला पुरस्काराइतकीच मोलाची वाटते. 'आत्मपॅम्फ्लेट' साठी आशिष बेंडे यांना दिग्दर्शनातल्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा 'श्यामची आई'.

हे नाव ऐकलं आणि मी थबकलो. कारण आपल्या देशात हे पुरस्कार सुरू झाले ते 1954 साली, आणि त्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' लाच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेलं ते पुस्तक. गुरुजी 1950 मध्ये गेले, पडद्यावरचा श्याम त्यांनी पाहिला नाही. वनमाला यांनी साकारलेली आई आणि माधव वझे यांचा श्याम मात्र पिढ्यान् पिढ्यांनी पाहिला. सत्तर वर्षांनंतर त्याच पुस्तकावर नव्या दमाचा दिग्दर्शक पुन्हा चित्रपट काढतो, तोही कृष्णधवल, आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत तेच नाव पुन्हा उमटतं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि मला तो वाटला.

आता त्या 1954 च्या यादीतली आणखी एक गोष्ट सांगतो. 'श्यामची आई' ला सुवर्णपदक मिळालं, त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्रावर थांबलेल्या चित्रपटांपैकी एक होता बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. कोलकात्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारा बलराज साहनींचा शंभू महातो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येत नाही. त्या काळी कुणी म्हटलंही असेल, की पदक याला हवं होतं. कुणी अत्र्यांच्या बाजूने तावातावाने बोललंही असेल. आज त्या वादाचा मागमूस नाही. दोन्ही चित्रपट आहेत. आई म्हटलं की एक आठवतो, शेतकऱ्याची गेलेली जमीन म्हटलं की दुसरा. पदक एकाला मिळालं, पण प्रेक्षकांनी जपले दोघेही.

असंच शाहरुख खान यांच्या बाबतीत. 1992 च्या 'दीवाना' पासून पडद्यावर असलेल्या या नटाला हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार. तो जाहीर झाला आणि कित्येकांच्या मनात आलं, 'हा तर 'स्वदेस'लाच मिळायला हवा होता.' माझ्याही मनात तेच आलं. वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर चित्रित झालेला तो चित्रपट, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि भारतातल्या एका खेड्यात वीज आणणाऱ्या मोहन भार्गवचा. 'स्वदेस'च्या वर्षीचा अभिनयाचा पुरस्कार सैफ अली खान यांना 'हम तुम' साठी मिळाला होता. 'स्वदेस'चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हेच या 71व्या पुरस्कारांच्या कथापट विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते, हाही एक योग. वीस वर्षांनंतरही लोक 'स्वदेस'चं नाव घेतात, त्याच्याविषयी कळकळीने बोलतात. एका नटाला याहून मोठं काय हवं असतं?

याचा अर्थ पुरस्कारांविषयी मतभेद असूच नयेत, असं मी म्हणत नाही. मतभेद असावेत, ते जिवंत मनाचं लक्षण आहे. ब्लेसी यांच्या 'आडुजीवितम' या मल्याळम चित्रपटाचं नाव यादीत नव्हतं, याची मला मनापासून रुखरुख लागली. आखाती देशातल्या वाळवंटात अडकलेला, शेळ्यामेंढ्यांच्या कळपात माणूसपण जपू पाहणारा एक साधा केरळी मजूर पृथ्वीराज सुकुमारन यांनी ज्या जिद्दीने उभा केला आहे, त्याची दखल घ्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. आणि सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळालेल्या उर्वशी यांनी तर स्वतः पुरस्कारविजेत्या असूनही जाहीरपणे विचारलं, की मुख्य आणि सहाय्यक भूमिका कोणत्या निकषावर ठरवता? 'उळ्ळोळुक्कु' मधलं त्यांचं काम पाहिलेल्याला तो प्रश्न रास्त वाटेल. त्यांनी कुणाला खाली ओढलं नाही, कुणाच्या यशाला नाक मुरडलं नाही. निकष विचारला. मतभेदाची ही रीत आपण त्यांच्याकडून शिकावी.

कारण दुसरीही एक रीत आपल्याकडे बोकाळली आहे. चित्रपट पाहिलेला नसतो, भूमिका ठाऊक नसते, पण निकाल लागायच्या आत आपला निकाल तयार असतो. अमक्याची ओळख असेल, तमक्याचा वशिला असेल, असं आपण सहज बोलून जातो. प्रादेशिक परीक्षक मंडळं आधी चित्रपट पाहतात, मग मध्यवर्ती मंडळ पाहतं. माणसंच ती, चुकतीलही. पण त्यांनी निदान पाहिलेलं असतं. ज्याने पाहिलं त्याच्या मताशी, न पाहणाऱ्याने भांडावं, यात न्याय कुठे आहे?

आणि त्या यादीत अशी किती नावं असतात, ज्यांच्यासाठी आपल्याकडे ना कौतुक असतं ना तक्रार. 'सॅम बहादुर' या चित्रपटाच्या रंगभूषेचा पुरस्कार श्रीकांत देसाई यांना मिळाला. वेशभूषेच्या पुरस्कारात सचिन लोवलेकर यांचं नाव आहे. विकी कौशलमध्ये आपल्याला फील्ड मार्शल माणेकशा दिसले, ते या लोकांच्या हातांमुळेही. ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन, कितीतरी माणसं पडद्यामागे उभी असतात. वर्षातून एकदा देशाचे राष्ट्रपती त्यांच्या हातात पदक ठेवतात, हे मला या सोहळ्याचं सगळ्यात सुंदर अंग वाटतं. आपण यादी ऐकताना या नावांपाशी क्षणभर थांबलो, तरी तो त्यांचा सन्मान होईल.

श्रोतेहो, पुरस्कार काय करू शकतो? तो एखाद्या चित्रपटाकडे बोट दाखवू शकतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला मार्च 2015 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, आणि चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत आला तो एप्रिलमध्ये. तोवर बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, रूढ अर्थाने नट नव्हेत. त्यांचा तो करारी चेहरा कितीतरी लोकांपर्यंत पोहोचला, त्यात त्या पुरस्काराचा मोठा वाटा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'कडे, संदीप सावंत यांच्या 'श्वास'कडे अनेकांची पावलं वळली तीही अशीच. पण बोट दाखवल्यावर तिकडे बघायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. पुरस्कारविजेता मराठी चित्रपट चित्रपटगृहात लागतो, दुपारचा एखादा खेळ त्याला मिळतो, त्या खेळाला मोजकीच माणसं असतात आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरतो. मग आपण हळहळतो, की मराठी चित्रपटाला कुणी विचारत नाही. विचारायचं कुणी? आपणच ना?

परीक्षक मतं देऊन मोकळे होतात. पदक दिवाणखान्यातल्या कपाटात जातं. त्यानंतर चित्रपट जगतो तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी. 'दो बिघा जमीन' तसा जगला, 'स्वदेस' तसा जगतो आहे. हे काम कोणतंही मंडळ करू शकत नाही. ते प्रेक्षकाचंच.

म्हणून आज एवढीच विनंती. या यादीतला एक मराठी चित्रपट आणि एक दुसऱ्या भाषेतला चित्रपट निवडा. घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि पूर्ण पाहा. आवडला तर चार जणांना सांगा, नाही आवडला तर का नाही आवडला तेही सांगा. मत जरूर ठेवा, पण ते पाहून ठेवा.