नवा आघाडीवीर

संकेश्वराहून आजरा-आंबोलीमार्गे गोवा फार दूर नाही. म्हणून तेथील फुटबॉलचे वादही आमच्या वकीलमंडळींत रंगतात. स्पेनहून आलेला कोरोमिनास एफसी गोव्याकडून तीन मोसम खेळला. पहिल्याच, २०१७-१८ च्या मोसमात त्याचे १८ गोल झाले. २०२० मध्ये तो गेला व छत्तीस वर्षांचा इगोर अँगुलो आला. हा संघाच्या वृत्तीस शोभेल काय? त्याने १४ गोल केले, गोल्डन बूट मिळविला आणि २०२१ मध्ये मुंबई सिटीची वाट धरली. कित्येकांस ही कृतघ्नता वाटली. आम्हांस तसे वाटत नाही. कराराने गोल मागता येतात, जिव्हाळा नव्हे. तो सहवासाने येतो. कोरोमिनासही परकाच आला होता, पण त्याला गजबजलेले फातोर्डा लाभले. अँगुलोचा मोसम महामारीतला. रिकाम्या बाकांपुढे त्याने एकरूप व्हावयाचे ते कोणाशी?