सूडो तुझ्या हातात शोभत नाही

उभा राहा. लॅबच्या मशीनवर काय केलंस ते सांगू नकोस, टर्मिनलची हिस्टरी मी वाचली आहे. पायथॉनचं एक पॅकेज हवं होतं म्हणून सूडो लावून पिप इन्स्टॉल मारलंस. डेबियन १२ ने ते अडवलं. का अडवलं तेही सांगितलं: इथला पायथॉन सिस्टिम सांभाळते, एप्टमधून पॅकेज घे, नाहीतर व्हेन्व बनव. अगदी शेवटी लिहिलं होतं की सिस्टिम मोडण्याची जोखीम पत्करणार असशील तर ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय आहे. एवढ्या मजकुरातून तू नेमका तोच उचललास! मोडणार असं नावातच लिहिलंय, तरी हात थांबला नाही?

आता काय झालंय ते ऐक. पिपने तुझं पॅकेज यूएसआर-लोकलखाली टाकलं. पायथॉन एप्टच्या जागेआधी तिथे शोधतो. त्यामुळे त्याच लायब्ररीवर चालणाऱ्या सिस्टिमच्या प्रोग्रॅमना तुझी आवृत्ती मिळते आणि ते कोसळतात. डीपीकेजीच्या नोंदीत ती आवृत्ती नाहीच. उद्या तिच्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं, तर एप्ट अपग्रेड तिला शिवणारसुद्धा नाही. आणि रोज एप्ट अपडेट मारून ‘सगळं अद्ययावत आहे’ म्हणतोस! अपडेटने फक्त याद्या ताज्या होतात. पॅकेजं बदलतात अपग्रेडने. दुसऱ्या वर्षाला आलास, हे अजून मी सांगायचं?

मग सोर्स उतरवून मेक इन्स्टॉल मारलंस. कुठल्या फाईली कुठे पडल्या, कोणाकडे हिशेब आहे? बिल्ड करू नकोस असं मी कधीच म्हटलं नाही, उलट करच म्हणतो. पण एप्ट सोर्सने सोर्स घे, बिल्ड-डेपने अवलंबित्वं आण, डीपीकेजी-बिल्डपॅकेजने डेब फाईल बनव. मग प्रत्येक फाईल नोंदीत राहते आणि काढायची म्हटली की निघते.

बिल्डमध्ये काय काय लपू शकतं ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिलंय. एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार होतं. ते उघडणारी स्क्रिप्ट गिटमधल्या सोर्समध्ये नव्हतीच, ती होती रिलीजच्या टारबॉलमध्ये, आणि डेब किंवा आरपीएम बनताना ती जागी व्हायची. पकडलं कोणी? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉयंडने. डेबियनच्या अनस्टेबल मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, व्हॅलग्रिंडही कुरकुरत होतं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळापर्यंत गेला. डेबियन स्टेबलपर्यंत ती आवृत्ती पोचण्याआधी हे उघडकीला आलं. त्या माणसाने अर्ध्या सेकंदाची दखल घेतली, तुला समोरचा परिच्छेद वाचवेना. पॅकेज तुझ्यापर्यंत नीट यावं म्हणून किती मेंटेनर फुकट राबतात याची जाण ठेव. एका स्विचने त्यांची राखण पुसून टाकलीस, याचा मला राग आहे.

आता बस. यूएसआर-लोकलखाली पायथॉनचं काय काय पडलंय ते बघ. प्रत्येक फाईलसाठी डीपीकेजी-एसला विचार, जिला मालक सापडणार नाही तिची यादी कर आणि काहीही पुसण्याआधी मला दाखव. तुझं पॅकेज व्हेन्वमध्ये चालवून दाखवेपर्यंत तुझं नाव सूडोच्या गटात नसेल.