दगडातली खार

थोडं सैल बसा. चहा जवळ असेल तर तोही राहू द्या. हे एका दमात वाचून संपवायचं नाही. मध्येच थांबलात तरी चालेल.

मनात एक इमारत आणायची आहे. बोरीबंदरची. कुणी व्हीटी म्हणतं, कुणी सीएसएमटी. तुमच्या तोंडी जे नाव आधी येतं तेच असू द्या, त्यावरून माणसाचं वय कळतं इतकंच. रोज तिथून ये-जा करत असाल तर पहिलं काय आठवतं? बहुधा इंडिकेटर. मग फलाट, पोटाशी धरलेल्या सॅका, पुढच्याची घामेजलेली पाठ. इमारत आठवतच नाही. सध्या तरी नाही आठवली तरी बिघडत नाही.

आता मनानंच गर्दीतून बाहेर या. रस्ता ओलांडा आणि महापालिकेच्या बाजूला उभे राहा. मान वर करा, सावकाश. घुमटाच्या टोकावर एक स्त्री उभी आहे, उंच धरलेली मशाल, बाजूला चाक. तिचं नाव ‘प्रगती’. तिच्यापाशी फार रेंगाळू नका. असल्या बायका उंचावर नेऊन ठेवायची त्या काळच्या साहेबाला हौसच होती. नजर खाली उतरू द्या. खांबांचे माथे, कमानींच्या कडा. तिथे दगडाची पानं आहेत. पानांत मोर आहे, माकड आहे, खार आहे.

खारीपाशी थांबू.

१८७८ ते १८८८, दहा वर्षं हे काम चाललं होतं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, कोरीवकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात. त्यातला एक डोळ्यांसमोर आणा. हातात छिन्नी, नाकातोंडात भुकटी, वर मे महिन्याचं ऊन. रेल्वेला हवं होतं छप्पर, फलाट आणि तिकीटखिडकी. खार नसती म्हणून ठाण्याची एकही गाडी अडली नसती. तरी शेपटी फुलवायला त्यानं किती वेळ घेतला असेल? आणि पुढे कधी आपल्या माणसांना तिथे आणून, बोट वर करून ती दाखवली असेल का?

प्रश्न तसाच राहू द्या. एक श्वास.

तिथून चालत राजाबाई टॉवरपाशी जाऊ. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव मनोऱ्याला लागलं. १८७८ साली तो पुरा झाला. उंची २८० फूट. वेळ सांगायला दोन काटे पुरे होते. पण वर पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींच्या चोवीस मूर्ती उभ्या केल्या आहेत. खालून पाहणाऱ्याला त्यांचे चेहरे धड दिसतही नाहीत. तसंच फोर्टातल्या न्यू इंडिया अश्युरन्सचं, १९३६ सालची इमारत. विमा उतरवायला मूर्ती लागत नाही, पण तिथे ना. ग. पानसरे यांनी घडवलेली कष्टकरी माणसं आहेत, चांगली उंच.

मलबार हिलवरच्या म्हातारीच्या बुटाचं तर विचारूच नका. इमारत म्हणून त्याची काय किंमत? तरी लहानपणी त्या बुटाच्या जिन्यानं वर गेलेला माणूस पन्नाशीतही त्याची गोष्ट काढली की हसतो. मला शहराचा स्वभाव अशा, ज्यांच्यावाचून काहीच अडलं नसतं, त्या कामांत दिसतो. हल्लीचे काचेचे टॉवर उंच आहेत, पण त्यांच्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी नजरेला टेकायला जागा सापडत नाही.

गिरगावातल्या चाळी मात्र साध्याच बांधल्या होत्या. खोली, सामाईक गॅलरी, लाकडी जिना. तिथली खार माणसांनी नंतर कोरली. कठड्यावर हात ठेवून बघा, मनातच. ऐन मधल्या भागात लाकूड गुळगुळीत लागतं. भाजीवालीला हाका मारताना, गणपती जाताना, कुणाची वाट बघताना टेकलेली ती कोपरं. पिढ्यान्‌पिढ्यांची. वर दाराशी तुळशीची कुंडी, बहुतेक तेलाच्या डब्यात लावलेली. हात थोडा वेळ तिथेच राहू द्या.

आता परत बोरीबंदरला. याच परिसरातून १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला गेली, तेव्हा हा घुमटही नव्हता आणि खारही नव्हती. दर्शनी भागावरचं घड्याळ शोधा. त्याच्याखाली एक कोनाडा दिसेल. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला. स्थानकाचं नाव १९९६ साली बदललं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं. कोनाड्यात काय बसवावं, असा विचार मनात आला असेल, तर तो येऊ द्या आणि जाऊ द्या.

कोनाडा अजून रिकामाच आहे.