चालत्या गाडीला पाना

इंजिनातलं जुनं तेल डब्यात उतरायला लागलं की त्यातला एक थेंब मी अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळतो आणि मग नाकाशी नेतो. ही सवय अण्णांची. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी ३१ वर्षं काढली. बोटाला कचकच लागली तर बेअरिंग, जळका वास आला तर तापलेलं इंजिन, तेल पांढुरकं दिसलं तर पाणी, एवढं निदान ते हात पुसायच्या आत करत. मी तो डबा धरतो ओहायोतल्या डेटन शहराच्या दक्षिणेला, एका छोट्या विमानतळावरच्या पत्र्याच्या हँगरमध्ये. आणि तेल गळत असतं १९६८ सालच्या एका सेसना १७२ विमानातून.

कॅन्ससमधल्या विचिटाच्या कारखान्यातून हे विमान बाहेर पडलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. चार माणसांची जागा, पंख डोक्यावर, पुढे १५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. १९५६पासून या जातीची ४४,०००हून जास्त विमानं बनली. दुसऱ्या कुठल्याच विमानाची इतकी बनलेली नाहीत. १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं मात्र त्यांचं उत्पादनच बंद होतं. त्यामुळे इथल्या लहान विमानतळांवर रांगेनं उभी असलेली बरीचशी विमानं चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली असतात. पुण्याहून पाहुणे आले की विमानाभोवती एक फेरी मारतात, पत्र्यावरून हात फिरवतात आणि हळूच विचारतात, "इतकं जुनं? सुरक्षित आहे ना?" पूर्वी मी चटकन 'हो' म्हणायचो. दरवर्षी संपूर्ण तपासणी होते, झिजलेला भाग बदलला जातो, कागद चोख आहेत, असं सांगायचो. ते सगळं आजही खरं आहे. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला आता जास्त वेळ लागतो.

इथल्या नियमानुसार विमान उडण्याच्या लायकीचं ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची असते. मेकॅनिक तपासतो, सही करतो, पण जबाबदारी मालकाच्या डोक्यावरून उतरत नाही. बारा महिन्यांतून एकदा विशेष अधिकार असलेला मेकॅनिक विमान उघडून बघतो. त्याशिवाय काही कामांची एक यादी आहे, ती वैमानिक-मालकाला स्वतः करता येतात: तेल बदलणं, टायर बदलणं, स्पार्क प्लग साफ करून त्यातलं अंतर जुळवणं, दिवे बदलणं. विमान घेतलं तेव्हा ती यादी वाचून मला केवढा आनंद झाला होता! पहिली दोन-तीन वर्षं मी दर शनिवारी काहीतरी उघडायचो. प्लग ठीक असले तरी काढायचो, क्लिपा सैल करून पुन्हा आवळायचो. फोनवर अण्णांना मोठ्या अभिमानानं सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच म्हणायचे, "चालत्या गाडीला पाना लावू नये रे."

हे मला तेव्हा आवडायचं नाही. एसटीचं ठीक आहे, बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते; इथे खाली २,५०० फूट हवा असते, असं मी मनात म्हणायचो. माझ्या म्हणण्याला पुरावाही होता. या जातीच्या विमानांत वैमानिकाचं आसन रुळांवर पुढे-मागे सरकतं आणि रुळातल्या भोकात खिळी बसली की थांबतं. वर्षानुवर्षांच्या वापरानं ती भोकं लांबट होतात आणि खिळी अर्धवटच बसते. विमान धावपट्टीवरून नाक वर करून उठत असताना खिळी सुटली, तर आसन माणसासकट मागे जातं. हातात धरलेलं चाक तो घाबरून स्वतःकडे ओढतो, आणि नाक आणखी वर जातं. अशा अपघातांत माणसं गेली. १९८७ साली त्यासाठी रुळांच्या सक्तीच्या तपासणीचा आदेश निघाला. असे आदेश इथे 'एडी' म्हणून ओळखले जातात, आणि जुन्या विमानाची एडींची यादी म्हणजे त्या जातीनं आजवर काय काय सोसलं त्याची नोंद असते. मी दर खेपेला ती भोकं मापतो, खिळी बसल्यावर आसन दोन्ही हातांनी हलवून बघतो. तेव्हा जपणूक म्हणजे नुसतं हात बांधून बसणं, असं मी आजही म्हणणार नाही.

अण्णांच्या बोलण्यातली खोच समजली ती एका जीवशास्त्रज्ञामुळे. सी. एच. वॉडिंग्टन हे मुळात आनुवंशशास्त्राचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या कामाचा हिशेब मांडायला शास्त्रज्ञांचा एक गट बसवला होता, त्यात ते होते. विमानांची दर ५० तासांनी ठरलेली तपासणी व्हायची. अचानक उद्भवणाऱ्या दुरुस्त्या कधी निघतात, ते या गटानं आलेखावर मांडलं. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी असतील आणि तास भरत जातील तसे वाढत जातील. आलेख नेमका उलटा निघाला. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वांत जास्त, आणि मग हळूहळू कमी. धडधाकट यंत्र उघडून पुन्हा बसवताना माणसाचा हातच नवा बिघाड पेरत होता. या कामावरचं त्यांचं पुस्तक १९७३ साली आलं. पुढे १९७८मध्ये नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघांनी प्रवासी विमानांच्या देखभालीवर मोठा अहवाल लिहिला. वय वाढलं म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे भाग त्यांना थोडेच सापडले. ८९ टक्के भागांच्या बाबतीत 'इतके तास झाले की बदला' या नियमाचा काही उपयोग दिसला नाही.

हे सगळं वाचून मी मान डोलावली होती. अंगात मुरलं ते नंतर, एका एप्रिलमध्ये.

वार्षिक तपासणी नुकतीच संपली होती. तेलाचा फिल्टर मी स्वतः बदलला. नव्या फिल्टरच्या रबरी गॅस्केटला तेलाचं बोट लावलं, ठरलेल्या जोरानं आवळला, सुरक्षा तार पिळून बांधली. इंजिन मिनिटभर सावकाश चालवून खाली वाकून पाहिलं, सगळं कोरडं. आणि उडालो. वॉडिंग्टन वाचल्यापासून एक नियम मात्र मी पाळत आलो होतो: विमानाला पाना लागला की पहिलं उड्डाण एकट्यानं, स्वच्छ हवेत, आणि घिरट्या धावपट्टीच्या डोक्यावरच. त्या दिवशी तोच कामी आला. सातव्या मिनिटाला तेलाच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या तळाशी आला आणि थरथरू लागला. मी इंजिनाचा जोर काढला आणि घसरत खाली आलो. चाकं टेकली तेव्हा काटा लाल रेघेवर होता. उतरून पाहिलं तर विमानाचं पोट शेपटीपर्यंत काळं झालेलं. आठ क्वार्ट तेलापैकी साडेतीन उरलं होतं.

जुन्या फिल्टरचं गॅस्केट त्याच्याबरोबर निघून आलंच नव्हतं. ते इंजिनाच्या बाजूला चिकटून राहिलं आणि मी त्यावर नवा फिल्टर चढवला. एकावर एक दोन गॅस्केटं. सावकाश चालताना त्यांनी दम धरला, पूर्ण जोर लागल्यावर एक सरकलं. ते तेल बदललं नसतं, तर त्या दिवशी काहीही झालं नसतं. पण बदलायचंच नाही, असंही करता येत नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी मालकाची जागा असते, आणि ती दर वेळी नव्यानं शोधावी लागते. तेव्हापासून जुनं गॅस्केट हातात आल्याशिवाय नवा फिल्टर मी खोक्यातून बाहेरही काढत नाही.

जुन्या विमानाला वापराइतकाच, किंबहुना जास्त, त्रास उभं राहण्याचा होतो. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असते. इंजिन बंद झालं की तिच्यावरचं तेल निथळून खाली जातं. विमान महिनोन् महिने हँगरमध्ये राहिलं की दमट हवेनं उघड्या पोलादावर गंजाचे बारीक ठिपके येतात, आणि पुढच्या खेपेला इंजिन सुरू झालं की तिथूनच पापुद्रे निघू लागतात. म्हणून दर पंधरवड्याला तरी तासभर उडावं, तेल चांगलं तापून त्यातलं पाणी निघून जावं. नुसतं जमिनीवर पाच मिनिटं इंजिन चालवून समाधान मानणं वाईट; त्यानं तेल तापत नाही, उलट आणखी ओल धरते. वसंतात इथल्या साळुंकीसारख्या स्टारलिंग पक्ष्यांची घाई उडते. सकाळी मोकळं असलेलं इंजिनाचं झाकण दुपारपर्यंत गवतानं भरलेलं मी पाहिलं आहे, आणि गरम इंजिनावर वाळलं गवत म्हणजे सरळ आगीला आमंत्रण. हिवाळ्यात उंदीर आत शिरतात, त्यांच्या मुतानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. थंडीतली आणखी एक गोष्ट मला या सगळ्यांहून भयंकर वाटते. आत येणारी ऊब ही एक्झॉस्टच्या तापलेल्या मफलरभोवती फिरवून आणलेली हवा असते. मफलरला केसाएवढी भेग पडली, तरी तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही. माणसाला आधी फक्त बरं वाटेनासं होतं, आणि मग ते कळण्याची शुद्धच जाते. त्याची सूचना देणारं चांगलं यंत्र फार महाग नसतं. ते न बसवता हीटर लावणाऱ्या मालकाशी मी भांडलो आहे, आणि पुन्हा भांडेन.

माझे मेकॅनिक ७७ वर्षांचे आहेत. ज्या डेटनमध्ये आम्ही राहतो, त्याच गावात राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात १९०१ साली चार्ल्स टेलर नावाचा कारागीर कामाला लागला होता. १९०३च्या विमानाचं १२ अश्वशक्तीचं इंजिन त्यानं सहा आठवड्यांत घडवलं. उडणाऱ्यांची नावं जगाला पाठ झाली, त्याचं फारसं कुणाला ठाऊक नाही. ५० वर्षं हे काम निष्ठेनं केलेल्या मेकॅनिकना इथलं विमान खातं टेलरच्या नावानं सन्मान देतं; माझ्या मेकॅनिकना तो मिळाला आहे. ते बोलतात कमी. वार्षिक तपासणीत पहिला दिवस पान्याला हात न लावता नुसता टॉर्च आणि आरसा घेऊन घालवतात, आणि विमानाचं जुनं नोंदपुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. १९७४ साली कुणीतरी विमान नाकावर आपटलं होतं. त्या ओळीपाशी ते दर वर्षी थांबतात आणि इंजिनामागची पत्र्याची भिंत सुरकुतली आहे का, ते बोटांनी चाचपतात.

त्यांची नजर माझ्यावरही असते. विमानाइतकाच वैमानिकही जुना होत असतो. छोट्या विमानांचे अपघात यंत्रापेक्षा माणसाच्या निर्णयामुळे जास्त होतात: संपत आलेलं इंधन, खाली येणारे ढग, 'घरी पोचायलाच हवं' ही ओढ. नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा शिक्षकाबरोबर उडून दाखवावं लागतं. मी ते दर सहा महिन्यांनी करतो. पन्नाशीनंतर हातातली सफाई उडवल्याशिवाय टिकत नाही, हे मी स्वतःच्या उतरण्यांवरून सांगू शकतो.

या वर्षीच्या तपासणीत तिसऱ्या सिलिंडरनं पेच टाकला. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर बघायचं, अशी ही चाचणी असते. बाकीचे तीन ७६, ७४, ७५. तिसरा ६१. इंजिन १९९८ साली पूर्ण खोलून बांधलेलं. कंपनी २,००० तासांची शिफारस करते, आमचे १,६४० झाले आहेत. हँगरमध्ये जमलेल्या दोघा-तिघांचं मत पडलं, सिलिंडर काढून टाका, एकदाचा निकाल लागेल. पण सिलिंडर काढायचा म्हणजे इंजिनाचे दोन अर्धे आवळून धरणारे बोल्ट सैल करायचे, आणि ते पुन्हा नीट ताणले गेले नाहीत तर आतली बेअरिंगं सरकतात. ६१वाल्या सिलिंडरनं कधी दिला नसता असा दगा तो बदललेला सिलिंडर देऊ शकतो.

पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता ८४ वर्षांचे आहेत, कान थोडे मंद झाले आहेत.

"फुसफुस कुठून येतेय?"

"एक्झॉस्ट शांत आहे. कार्ब्युरेटरही. तेलाच्या नळीच्या तोंडातून येतेय."

"म्हणजे रिंग. व्हॉल्व्ह नाही."

"मेकॅनिकही तेच म्हणतात. आत कॅमेरा घालून पाहिला, व्हॉल्व्हवर रंगाची वलयं एकसारखी गोल आहेत."

"तेल किती पितंय?"

"अकरा तासांना एक क्वार्ट. फिल्टर कापून पाहिला, चुरा नाही."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मग इतक्यात खोलू नका. चालवा थोडं, गरम असतानाच परत बघा."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुस्तकात चार आकडे लिहिले आणि खाली 'दहा तासांनी पुन्हा चाचणी' अशी ओळ घातली. मी फोन ठेवणार इतक्यात अण्णा म्हणाले, "आणि गॅस्केट?"

त्या एप्रिलपासून ते दर वेळी हे विचारतात. मी शर्टाच्या खिशातून जुनं गॅस्केट काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.