पापाचे वाटेकरी

वाटमारी करणाऱ्या वाल्याची कथा आपण सर्वांनी बाळपणी ऐकलेली आहे. नारदांच्या सांगण्यावरून तो घरी जातो आणि ‘माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात काय?’ असे विचारतो. घरची माणसे उत्तर देतात, ‘आमचे पोषण करणे हे तुझे कर्तव्य, ते तू कसे करतोस याच्याशी आम्हांस काय कर्तव्य?’ त्या उत्तराने वाल्याचे डोळे उघडले. परंतु लुटीवर पोसलेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. आम्हांस आज ते विचारावेसे वाटते. कारण मोबाईल आणि संगणक विकणाऱ्या बलाढ्य कंपन्यांनी दीर्घकाळ नेमके हेच उत्तर दिलेले आहे.

या यंत्रांचे भाग ज्या देशांत तयार होतात, त्यांत मलेशिया हा एक प्रमुख देश होय. नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया आणि आपला भारत येथून तेथे मजूर जातात. नोकरी लावून देणारा दलाल आगाऊ रक्कम घेतो. ती भरण्यासाठी मजूर व्याजाने कर्ज काढतो. तेथे पोहोचल्यावर पुष्कळदा त्याचा पासपोर्ट काढून घेतला जातो. मग काम कितीही जाचक असो, कर्ज फिटेपर्यंत परतीची वाट बंद! ऊसतोडीपूर्वी वा वीटभट्टीपूर्वी घेतलेली ‘उचल’ माणसास कशी जखडून ठेवते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस अधिक सांगणे नको. २०१४ साली ‘व्हेरिटे’ या संस्थेने तेथील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील ५०१ कामगारांची विचारपूस केली, तेव्हा त्यांपैकी २८ टक्के सक्तीच्या श्रमात अडकलेले आढळले.

कंपन्या म्हणतात, ‘कारखाने आमचे नव्हेत, पुरवठादाराचाही पुरवठादार असतो, तेथवर आमची दृष्टी कशी पोहोचावी?’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु एखाद्या भागाचे माप केसभर चुकले तर ते त्यांस कळते. माल एक दिवस उशिरा आला तर जाब विचारला जातो. वस्तूविषयी इतके सूक्ष्म ज्ञान आणि ती घडविणाऱ्या माणसाविषयी इतके गाढ अज्ञान! याला अज्ञान म्हणता येत नाही. ही जाणूनबुजून केलेली डोळेझाक होय.

ज्यांनी डोळे उघडले, त्यांस मार्गही सापडला. परदेशी मजुरांस दलालाच्या हाताखाली न ठेवता पुरवठादाराने थेट आपल्या नोकरीत घ्यावे, असा नियम ह्यूलेट-पॅकार्डने २०१४ साली केला. ॲपलने २०१५ पासून मजुरांकडून असे शुल्क घेण्यास पूर्ण मनाई केली. घेतलेले शुल्क पुरवठादारांकडून मजुरांस परत करविण्याचे कामही तिने त्यापूर्वीच आरंभिले होते. ब्रिटनने २०१५ साली कायदा करून मोठ्या कंपन्यांस याविषयी दरवर्षी निवेदन देणे भाग पाडले. मात्र ‘आम्ही काहीही केले नाही’ एवढे प्रामाणिकपणे लिहून दिले तरी त्या कायद्याचे समाधान होते! आमच्या मते असे निवेदन हा केवळ संकल्प होय. मजुराचा पैसा मजुराच्या हाती परत देणे हेच खरे प्रायश्चित्त. शिवाय एका हाताने नियमावली पाठवावयाची आणि दुसऱ्या हाताने मालाचा दर पाडावयाचा, असे चालले तर पुरवठादार ती तूट अखेर मजुराच्याच घामातून भरून काढणार, हे उघड आहे.

आणि आपण? कंपनीच्या घरातली माणसे म्हणजे तुम्ही-आम्हीच. हा लेख लिहिणाऱ्या आमच्या खिशातही मोबाईल आहे. तो कोणाच्या हातांनी जोडला हे आम्ही घेताना विचारले नाही. विचारले असते तर दुकानदारास उत्तर देता आले नसते, हेही खरे. म्हणून आपण दलालाइतकेच दोषी आहोत असे आम्ही म्हणत नाही. वाटा लहानमोठा असू शकतो. पण लाभात ज्याचा वाटा, त्याचा दोषात मुळीच नाही, हे न्यायास धरून नाही. चालते यंत्र केवळ हौसेखातर टाकून नवे घेऊ नये, घेताना स्वस्ताईचे कारण विचारावे, आणि आपल्याच गावचा तरुण दलालामार्फत परदेशी निघाला असता त्याने किती कर्ज काढले याची चौकशी करावी, एवढे तरी आपल्या हाती आहे. वाल्याने निदान घरी येऊन प्रश्न विचारला. आपणांस तो कोणी विचारण्यापूर्वी आपणच तो स्वतःस विचारावा, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.