लोणारचे खारेपण आणि यंत्राची गती

लोणारच्या सरोवरात पाणी कधीच एक राहत नाही. धारातीर्थाची धार आत येत असते, पावसाळ्यात विवराच्या उतारावरून ओहोळ उतरतात, आणि बाहेर वाहून जायला वाट नसल्याने वऱ्हाडचे ऊन उरलेल्याची वाफ करते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोणारला आले होते असे लीळाचरित्र सांगते. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते पाणी आज तिथे नाही, तरीही सरोवर तेच, असे आपण निःशंक म्हणतो. आता याच्या उलट कल्पना करावी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा बेसॉल्टचा काठ जसाच्या तसा आहे, दैत्यसूदनाचे मंदिर उभे आहे, कमळजादेवीची पूजा चालू आहे. पण गोडे पाणी इतके मिसळले की खारेपण विरून गेले आणि त्या क्षारांवर जगणारी सूक्ष्मजीवसृष्टी, जिने जून २०२० मध्ये सारे पाणी गुलाबी केले होते, ती संपली. मग नकाशावर लोणार राहील, लवणासुराची कथाही सांगितली जाईल, आणि ज्याला लोणार म्हणायचे ते मात्र नाहीसे झालेले असेल. वस्तूचे घटक पालटूनही ती टिकते आणि घटक टिकूनही ती हरवते, असा हा प्रकार आहे. म्हणजे तिचे तेपण घटकांत शोधून सापडणार नाही.

हाच प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका छंदातही उभा राहतो, आणि मला तो तिथे अधिक स्वच्छ दिसतो. ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक जपणारे लोक त्यांत अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवतात, म्हणजे मूळ प्रोसेसरचे काम त्याच्या कित्येक पट वेगाने करणारा दुसरा प्रोसेसर. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १९८२ साली इंग्लंडमध्ये आला. त्याच्या पुढच्या रूपाची, स्पेक्ट्रम प्लसची, परवान्याने बनवलेली भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने बाजारात आणली. ४८ किलोबाइट स्मृती, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि साठवणीला कॅसेट टेप. असे यंत्र आज कोणी २८ मेगाहर्ट्झवर पळवले, तर ते तेच यंत्र राहिले का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: डबा तोच, कीबोर्ड तोच, जुनी चिपसुद्धा जागेवर आहे, फक्त वेग वाढला. माझे म्हणणे असे की या ‘फक्त’मध्येच घोटाळा आहे. सगळ्या चिपा बदलून मूळ गतीने चालणारे यंत्र हे, सगळ्या चिपा जपून कायमचे वेगवान केलेल्या यंत्रापेक्षा, आपल्या मूळ रूपाला अधिक जवळचे असते.

वेदान्तात वस्तू ओळखण्याच्या दोन खुणा सांगितल्या आहेत. देवदत्ताचे घर कोणते, तर ज्यावर कावळा बसला आहे ते. ही तटस्थ खूण झाली. कावळा उडाला तरी घराचे काही जात नाही. स्वरूपाची खूण मात्र काढून घेता येत नाही, कारण ती काढली की वस्तूच उरत नाही. आजच्या संगणकात गती ही कावळ्यासारखी आहे. पत्र टंकायचे असो की हिशेब मांडायचा असो, प्रोसेसर दुप्पट वेगवान झाला तर काम लवकर होते, आणि काम तेच राहते. स्पेक्ट्रमची गोष्ट वेगळी. त्यात कॅसेटवरून माहिती उचलायला स्वतंत्र यंत्रणा नाही. टेपवरचा आवाज किती वेळ टिकला हे प्रोसेसर स्वतः मोजत बसतो. शून्यासाठी प्रत्येक स्पंद प्रोसेसरच्या घड्याळाच्या ८५५ ठोक्यांचा, एकासाठी १,७१० ठोक्यांचा. टेप आपल्या चालीने चाललेली असताना प्रोसेसरची गती दुप्पट केली, तर शून्याचा स्पंद त्याला १,७१० ठोक्यांचा भासेल. म्हणजे त्या यंत्राला शून्य हे एक वाटू लागेल! ध्वनीचेही तसेच. स्पीकरची एक तार प्रोसेसर स्वतः चालूबंद करतो आणि मध्ये किती वेळ जाऊ दिला त्यावर स्वर ठरतो; गती दुप्पट झाली की षड्ज तारसप्तकात जाऊन बसतो. पडद्याच्या चौकटीवर रंगांचे पट्टे उमटवणारे प्रोग्रॅमही हातात किती ठोके आहेत हे मोजूनच लिहिलेले. या यंत्रांत काळ हे मोजमाप नव्हते, तो कच्चा माल होता. तिथे गती हे स्वरूप आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर स्वस्ताईची अडचण होती. पैसे वाचवायला निर्मात्याने सगळे ओझे एका प्रोसेसरवर टाकले, तिला स्वरूप कसले म्हणता? अडचण होती हे मान्य. पण ओवीचे साडेतीन चरण हेही कोणाला बंधनच वाटले असेल, आणि शेवटच्या अर्ध्या चरणाशी थांबण्यात जे घडते ते चौथा चरण पुरा लांबवून घडत नाही. (इथेही साडेतीन आणि तिथेही साडेतीन, हा योगायोग मला आवडतो.) ज्या मर्यादेत राहून माणसांनी रचना केली, ती मर्यादा त्या रचनेच्या अंगात मुरते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो नागसेनाचा आहे. मिलिंद राजाला त्याने विचारले होते की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. आणि शेवटी दाखवून दिले की ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चालणारे नुसते नाव आहे. मग संगणकाचे ‘तेच’पण शोधायचे कशाला? वैशेषिक तर याहून कठोर. कापडातला एक धागा काढला की जुने कापड नष्ट होऊन नवे खंडपट उपजते, असे ते मानतात. त्या हिशेबाने एक कपॅसिटर बदलला तरी यंत्र नवे. मला वैशेषिकांचा काटेकोरपणा आदराचा वाटतो, पण सदऱ्याचा धागा निघाला म्हणून तो आपला नाही असे कोणी म्हणत नाही, आणि तत्त्वज्ञानाने या सार्वत्रिक अनुभवाचा हिशेब द्यायलाच हवा. नागसेनाचे म्हणणे मात्र मी पूर्ण स्वीकारतो. त्यातून निघते ते एवढेच की नावामागे लपलेला गाभा नाही. नाव कोणालाही कसेही लागते, असे त्यातून निघत नाही. रथ हे नाव जुळणीला लागते, आणि जुळणी म्हणजे भागांचा एकमेकांशी ठरलेला व्यवहार. टेपचा स्पंद आणि प्रोसेसरची मोजणी यांच्यातला व्यवहार मोडला, तर नागसेनाच्याच न्यायाने ते नाव ठेवण्याचा आधार गेला.

सर्वांत बळकट आक्षेप यंत्रांच्याच इतिहासातून येतो. १९८४ साली भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून जे बीबीसी मायक्रो शाळांमध्ये पोचले, त्यांत दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी ‘ट्यूब’ नावाची जागा निर्मात्यानेच ठेवली होती. बीजातच वाढ असेल तर वाढीला विकार कसे म्हणणार? खरे आहे, आणि म्हणूनच ट्यूबची घडण नीट पाहावी. तिथे जुना २ मेगाहर्ट्झचा ६५०२ बाजूला सारला जात नाही. कीबोर्ड, पडदा, टेप, ध्वनी, सारे त्याच्याच ताब्यात आणि त्याच्याच चालीवर राहते. पाहुणा फक्त आकडेमोड करतो. पुढे जगभरच्या फोनमध्ये जाऊन बसलेला एआरएम प्रोसेसर घडत असताना एकॉर्न कंपनीने तोही याच ट्यूबमार्गे बीबीसी मायक्रोला जोडला होता, आणि बीबीसी मायक्रो बीबीसी मायक्रोच राहिला. याउलट अमिगा संगणकात आज पायस्टॉर्म नावाचे अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवतात तेव्हा ७ मेगाहर्ट्झचा ६८००० खोबणीतून उपटून काढतात आणि त्याच्या जागी रास्पबेरी पाय त्याची नक्कल करू लागतो. दोन्हींना ‘अपग्रेड’ हाच शब्द लावतात. मला या दोन कृती एका जातीच्या वाटत नाहीत. पहिलीत घराचा मालक घरात राहून मदतनीस ठेवतो. दुसरीत दारावरची पाटी तेवढी जुनी राहते.

उरतो जीर्णोद्धाराचा मुद्दा, आणि तो भावनेचा असल्याने सोडून देण्यासारखा नाही. कपाटात गोठवून ठेवलेले यंत्र मेलेलेच. कार्ड बसवले की ते पुन्हा रोज लागते, पोर त्याच्यापाशी बसते. जॉन मार्शलच्या १९२३च्या नियमावलीने पुरातत्त्व खात्याला जतनाचे वळण लावले, नवे करण्याचे नव्हे. दैत्यसूदन त्याच रीतीने राखले जाते. पण कमळजादेवीला तो नियम पुरत नाही, कारण तिथे नवरात्र भरते. नांदते देऊळ दुरुस्त होणारच, आणि व्हावेच. पण दगड बदलणारा गवंडी गाभाऱ्याची दिशा बदलत नाही, कारण पूजा त्या दिशेत बांधलेली असते. यंत्राच्या बाबतीत मी तेवढेच मागतो. २०१७ साली लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या स्पेक्ट्रम नेक्स्टमध्ये ३.५, ७, १४ आणि २८ अशा चार गती ठेवल्या आहेत. त्यातल्या पहिल्या गतीवर जुना खेळ जसाच्या तसा चालतो, आणि बाकीच्या तिन्ही गतींना माझी हरकत नाही. ज्या कार्डावर मूळ गतीला परतायची वाट ठेवलेली नाही, त्याला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉगने सुट्या झेड-८०चे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जूनच्या मध्यापर्यंत शेवटच्या मागण्या घेतल्या. साठे संपतील, आणि मग एखाद्या पुणेरी स्पेक्ट्रमचा प्रोसेसर जळला तर त्या खोबणीत परकीच चिप बसेल. ती बसवणाऱ्याला खरा-खोटा हा वाद घालणारे भेटतील. त्याने टेप लावावी, आणि ८५५ ठोक्यांचे शून्य शून्यच वाचले जाते का ते पाहावे.