कासवाचा पगारी राखणदार

निसर्गावर प्रेम करणाऱ्याने त्याचे पैसे घेऊ नयेत, असं ठामपणे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. या वर्गाचा स्वतःचा पगार बहुधा दर महिन्याला वेळेवर जमा होतो.

सध्या त्यांचा रोख कोकणातल्या कासव महोत्सवांवर आहे. माझे एक विद्वान स्नेही (आमचं भांडण जुनं असल्यामुळे नाव घेत नाही) परवा एका परिसंवादात म्हणाले, की वेळासचं कासव आता होमस्टेवाल्यांचं झालं. गावकरी मानधनावर अंडी राखतात, पर्यटक मोबाइल उंचावून पिल्लं बघतात आणि याला संवर्धन म्हणायचं! त्यांच्या मते खरं काम निरपेक्ष तरुण स्वयंसेवकांचं. पैसा आला की निष्ठा गेली. आधाराला त्यांनी रिचर्ड टिटमसला उभं केलं. टिटमस वाचलेले श्रोते सभागृहात फारसे नसावेत, कारण टाळ्या जोरात पडल्या.

आधी वेळासबद्दल थोडं. मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव पूर्वी नाना फडणीसांचं म्हणून ओळखलं जाई. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. घरटी कुत्री-कोल्हे उकरत, तशी माणसंही उकरत. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. महोत्सव आला तो त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे इथे राखण आधीची आणि उत्सव नंतरचा. स्नेह्यांनी हा क्रम उलटा सांगितला, आणि त्यांचा अर्धा युक्तिवाद या उलट्या क्रमावरच उभा होता.

आता टिटमस. हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मला प्रिय आहे, म्हणूनच त्याचा असा वापर झालेला खपत नाही. १९७० साली त्याने रक्तदानावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये लोक फुकट रक्त देत. अमेरिकेत बरंचसं रक्त विकत घेतलं जाई. टिटमसचं म्हणणं असं, की विकत घेतलेलं रक्त वाईट निघतं, कारण पैशांची निकड असलेला माणूस आपला आजार लपवतो, आणि त्या रक्तातून काविळीसारखा आजार रुग्णाकडे जातो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाजार आला की अनोळखी माणसाला काही देण्याची समाजाची सवयच मोडते. दोनच वर्षांनी केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने त्याला आडवा प्रश्न केला: ज्याला दान करायचं आहे त्याला बाजार अडवतो कुठे? शेजारचा रक्त विकतो म्हणून माझं दान दान राहत नाही काय? या प्रश्नाचं पुरतं उत्तर टिटमसकडे नव्हतं, असं माझं मत आहे. पण माझा मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे.

टिटमसने गौरवलेल्या त्या ब्रिटिश व्यवस्थेत रक्तदाता फुकट रक्त देई हे खरं. पण सुई टोचणारी परिचारिका? बाटल्या नेणारा ड्रायव्हर? रक्तगट तपासणारा तंत्रज्ञ? ही सगळी माणसं पगारी होती. त्यांच्या पगारामुळे दान बाटलं, असं टिटमस कुठेही म्हणत नाही. उलट ती वेळेवर कामावर येत, म्हणूनच दात्याच्या दानाला अर्थ होता. तेव्हा वेळासबद्दल विचारायचा प्रश्न असा, की इथे दाता कोण आणि परिचारिका कोण?

पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवार गाठून येणारी, किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलणारी, दोरीमागे गर्दी थोपवणारी कॉलेजची मुलं हे दाते. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परिचारिकेचं काम गावातला कासवमित्र करतो. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीड फुटांच्या खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालून, वर वाळू सारून निघून जाते. मागे उरतो तो वाळूतला माग. कुत्र्याआधी तो गाठायचा, तर नोव्हेंबरपासून पुढे महिनोन्‌महिने रोज पहाटे किनारा तुडवावा लागतो. अंडी काही तासांत हलवावी लागतात, उचलताना फिरवून चालत नाही, आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरावी लागतात. मग ४५ ते ६० दिवस वाट बघायची. हे मनगटाचं कसब आहे, आणि ते रोजच्या हजेरीने येतं. सुट्टी बघून येणाऱ्या निष्ठेला ते कसं येणार?

यावर कुणी म्हणेल, गावाने हेच श्रमदानातून करावं. श्रमदान हा शब्द आपल्याकडे फार सहज उच्चारला जातो, विशेषतः ज्यांना दुसऱ्या दिवशी मजुरीला जायचं नसतं त्यांच्याकडून. पण महाराष्ट्राने हा वाद कधीच निकालात काढला आहे. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेली. त्यातून, वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. सार्वजनिक हिताची माती उचलणाऱ्याला मजुरी हा त्याचा हक्क आहे, हे तेव्हा मान्य झालं. पाझर तलाव मजुरी घेऊन खणला म्हणून त्यातलं पाणी कमी पवित्र मुरतं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मग कासवाच्या अंड्याबाबतच हे सोवळं का?

इथवर मी महोत्सवाचा वकील आहे. इथून पुढे मात्र स्नेह्यांना थोडं द्यावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही.

पिल्लं साधारणपणे रात्री किंवा पहाटे, वाळू गार झाल्यावर बाहेर पडतात. बाहेर पडताना त्यांच्या अंगात बलकाची थोडी शिदोरी असते. तिच्या जोरावर किनाऱ्याजवळचं संकटाचं पाणी ओलांडून त्यांना आत शिरायचं असतं. महोत्सवात पिल्लं सोडण्याची वेळ सकाळी आणि संध्याकाळी ठरलेली, कारण माणसांना उजेड लागतो. रात्री वर आलेल्या पिल्लाला सकाळची वाट बघायला लावली, की त्याची शिदोरी टोपलीतच संपू लागते. थोडी तडजोड मी समजू शकतो. पिल्लू डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे किनाऱ्यावरच्या झगझगीत दिव्यांविरुद्ध बोलेल, ही आशा खोटी नाही. पण राखणदाराच्या घरची चूल जर पर्यटकाच्या पैशावर पेटत असेल, तर तडजोडीची रेषा दर हंगामात थोडी सरकेल. इथे पैसा निष्ठा खात नाही, घड्याळ बदलतो. स्नेह्यांना धोका जाणवला होता. त्यांनी बोट मात्र चुकीच्या जागी ठेवलं.

म्हणजे पैसा घ्यावा की नाही, हा प्रश्नच गौण. तो कुणाकडून आणि कशाबद्दल यावा, हे महत्त्वाचं. होमस्टेचा पैसा पाहुणचाराचा, तो गावाने खुशाल कमवावा. गस्तीचा पैसा सरकारी तिजोरीतून यावा, रोजगार हमीच्या मजुरीसारखा हक्काचा, पूर्ण हंगामभर, गर्दी होवो न होवो. वन खातं कासवमित्रांना मानधन देतं. ते हंगामी कौतुकाच्या पातळीवरून उचलून नोकरीच्या पातळीवर आणायला हवं.

आणि स्वयंसेवकांनी काय करावं? शिकावं. आपल्या पर्यावरण सोहळ्यांना झाड लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि किनाऱ्यावर सुरूची रांग लावली की फोटोही छान येतो. पण सुरू अगदी भरतीरेषेपर्यंत येऊन भिडला, की मादीला घरट्यासाठी मोकळी वाळू उरत नाही. कुठे झाड लावू नये, हे जाणणारा एक विद्यार्थी हजार रोपांपेक्षा मोलाचा. त्याने हे कासवमित्राकडून शिकावं आणि शहरात परतल्यावर त्याच्या पगारासाठी भांडावं. तेही दानच, आणि टिटमसला ते पटलं असतं.

महोत्सवाची कसोटी अखेर पिल्लं न आलेल्या संध्याकाळी लागते. लांबून प्रवास करून, पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसांपुढे उभं राहून ‘आज काही नाही, परत जा’ असं कासवमित्राला सांगता आलं पाहिजे. हे बळ त्याला थोडं कासवाच्या प्रेमातून मिळतं. उरलेलं आपण त्याला महिन्याच्या महिन्याला द्यायचं आहे.